'रक्त कमी आहे' एवढेच सांगून बाईला घरी पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र किंवा महिला दिन जवळ आला की नागपुरात वस्तीवस्तीत महिलांची आरोग्य शिबिरे भरतात. 2022 च्या नवरात्रात राज्य सरकारने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढली, तेव्हापासून या काळात त्यांचा जोर आणखी वाढला. शिबिरे व्हायलाच हवीत. पण बहुतेक ठिकाणी घडते ते असे: बोटाला सुई टोचली जाते, वहीत आकडा लिहिला जातो, बाईच्या हातात लोहाच्या गोळ्या पडतात आणि 'रक्त कमी आहे, खात-पीत जा' असे सांगून तिला वाटेला लावतात. पंधरा दिवसांत गोळ्यांनी पोट बिघडते, पाकीट फडताळात जाते आणि पुढच्या शिबिरात तोच आकडा निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींमागे एक. इतक्या जणींना 'खात-पीत जा' हा सल्ला पुरत नाही. हिमोग्लोबिन किती कमी आहे हे आकडा सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. ते शोधायचे कसे, हे आम्ही स्त्री-आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही जण या पत्रातून मांडतो आहोत.

आधी आकड्याविषयी. गर्भवती नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि गर्भवतीचे 11 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. गर्भवती नसलेलीच्या बाबतीत 8 च्या खाली, गर्भवतीच्या बाबतीत 7 च्या खाली म्हणजे तीव्र. बोटाच्या थेंबावरचा आकडा चुकू शकतो आणि चुकण्याची कारणे साधी असतात. थेंब येत नाही म्हणून बोट दाबून पिळले की रक्तात अंगातला पाण्यासारखा द्रव मिसळतो आणि आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. स्पिरिट वाळायच्या आत टोचले की तेच. मधल्या किंवा करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकाला, मधोमध न टोचता जरा बाजूला टोचावे, पहिले एक-दोन थेंब कोरड्या कापसाने पुसावेत, आपोआप येणारा पुढचा थेंब घ्यावा. काही यंत्रांच्या पट्ट्या डबी उघडी राहिल्याने दमट हवेत बिघडतात, पावसाळ्यातल्या शिबिरात हे हमखास होते. आपल्याकडच्या मे महिन्यात याच्या उलटही घडते. पारा 45 च्या पुढे, बाई सकाळपासून पाण्यावाचून रांगेत उभी, अंगातले पाणी आटलेले. अशा वेळी रक्त घट्ट होते आणि आकडा फुगून येतो. 11 असलेली बाई 12 दाखवून घरी जाते. म्हणून शिबिराचा आकडा ही चाळणी समजावी. तो कमी आला किंवा थकवा, धाप, छातीत धडधड, माती-खडू-कच्चे तांदूळ खाण्याची ओढ, केस गळणे असे काही असेल, तर हाताच्या शिरेतून रक्त घेऊन सीबीसी, म्हणजे सगळ्या रक्तपेशींची मोजणी, करून घ्यावी.

सीबीसीच्या कागदावर लोक एकच ओळ वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही असते, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो 80 च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहकपण (दोष एकाच पालकाकडून आलेला, बाई स्वतः आजारी नसते), 100 च्या वर असेल तर बी-12 किंवा फोलिक ॲसिडची कमतरता, असा पहिला अंदाज बांधता येतो. आकार लहान असेल तेव्हा एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षांत असते ती) भागून पाहावे. उत्तर 13 पेक्षा बरेच जास्त आले तर लोहाची कमतरता अधिक संभवते, कमी आले तर थॅलेसेमियाचे वाहकपण तपासावे लागते. हा नुसता इशारा आहे, निदान नव्हे. लोहाचा खरा साठा फेरिटिन या रक्ततपासणीवरून कळतो. ते 15 च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे यात वाद नाही, आणि 30 च्या खाली असेल तरी बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. ताप, जंतुसंसर्ग किंवा संधिवात असताना फेरिटिन खोटेच वर जाते, त्यामुळे आजारपणात काढलेल्या चांगल्या आकड्यावर विसंबू नये. आणखी एक फसगत इथे होते. लोह आणि बी-12 दोन्ही कमी असतील तर एक पेशी लहान करते, दुसरे मोठी करते आणि सरासरी आकार 'नॉर्मल' छापून येतो. शुद्ध शाकाहारी बाई, वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या घेणारी बाई, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असलेली बाई, या तिघींची बी-12 वेगळी तपासावी. पायाला मुंग्या येत असतील तर नक्कीच. बी-12 ची कमतरता असताना नुसते फोलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत नसांचे नुकसान चालूच राहते.

आता मूळ कारणाकडे. ते अनेकदा बाईच्या तोंडून निघतच नाही, कारण तिला कुणी विचारत नाही: पाळीत अंगावरून किती जाते? दर महिन्याला साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाणे नेहमीचे, 80 च्या वर गेले की जास्त. मिलिलिटर कुणी मोजत नाही, म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात. एक-दीड तासात पॅड भिजते का? एकावर एक दोन पॅड लावावी लागतात का? रात्री बदलायला उठावे लागते का? रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडतात का? सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? यातल्या एकाचेही उत्तर 'हो' असेल तर नुसत्या गोळ्यांनी काम भागणार नाही. हिशेबच तसा आहे. हिमोग्लोबिन 12 असलेल्या 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 40 मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला 200 मिलिलिटर गेले तर 80 मिलिग्रॅम लोह गेले, म्हणजे रोजचे अडीच मिलिग्रॅमहून जास्त. आपल्या जेवणातून अंगी लागते रोजचे एक ते दोन मिलिग्रॅम. तळ फुटलेल्या माठात वरून कितीही पाणी ओतले तरी तो भरणार कसा?

तीन महिने घरच्या कालनिर्णयावर खुणा करा. पाळीचा प्रत्येक दिवस, त्या दिवशी बदललेले पॅड, गाठी पडल्या का. कापड वापरणाऱ्यांनी निदान दिवस आणि गाठी लिहाव्यात. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवला की 'जरा जास्तच जाते' या मोघम वाक्यापेक्षा पुष्कळ उपयोगी पडतो. पुढच्या तपासण्याही ठरलेल्या आहेत: पोटाची सोनोग्राफी, थायरॉईडसाठी टीएसएच, गर्भाशयमुखाची तपासणी, आणि वय 45 च्या पुढे असेल तर उपचारापूर्वी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणे. नुकत्याच शहाण्या झालेल्या मुलीची पाळी पहिली दोन वर्षे मागेपुढे होणे चालते, पण तिचे पॅडवर पॅड भिजत असतील तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष तपासायलाच हवा. नाकातून वारंवार रक्त येणे, दात काढल्यावर बराच वेळ रक्त न थांबणे अशी माहिती आईला विचारली तर लगेच मिळते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी 'उष्णता झाली असेल' म्हणून सब्जा पीत बसू नये. त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

इथे 'पिशवी काढणे', म्हणजे गर्भाशयच काढून टाकणे, या विषयावर स्पष्ट बोलले पाहिजे. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, पण हा प्रश्न एकट्या बीडचा नाही. पस्तिशी-चाळिशीतल्या बाईला 'गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल' अशी भीती दाखवली की घरचे लगेच तयार होतात. गर्भाशयातल्या साध्या गाठीचा कर्करोग होणे अत्यंत दुर्मिळ आहे. गाठ कुठे आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. अस्तराकडे वाढलेली छोटी गाठसुद्धा खूप रक्त घालवते आणि ती बऱ्याचदा पोट न उघडता दुर्बिणीने काढता येते. बाहेरच्या बाजूला असलेली मोठी गाठ काहीच त्रास देत नाही असेही होते. शस्त्रक्रियेआधी औषधांचा मार्ग असतो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, फक्त जास्त जात असलेल्या दिवसांत, फार तर चार-पाच दिवस, तेही डॉक्टरांना विचारून. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या बाईने ही गोळी घेऊ नये. पोटात दुखत असेल तर मेफेनॅमिक ॲसिडने दुखणे आणि जाणे दोन्ही कमी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक असलेली तांबीसारखी एक वस्तू गर्भाशयात बसवतात, ती पाच वर्षे काम करते. पहिले तीन ते सहा महिने थेंब थेंब दिसत राहते. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून बाया घाबरून ती काढून टाकतात. एवढे करूनही थांबले नाही तर शस्त्रक्रिया जरूर करावी. पण वय कमी असताना अंडाशयेही सोबत काढली तर त्याच दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. 'अंडाशये ठेवणार की काढणार, आणि का?' हा प्रश्न सहीआधी विचारायचा असतो. महालक्ष्म्या आणि लग्नसराईत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून थेट घेतल्या जातात, तेही थांबले पाहिजे. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत येणारी पाळी पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्त जाते.

दुसरे कारण आपल्या विदर्भाचे आहे: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झाले, तपासण्या वाढल्या, पण गैरसमजही तेवढेच आहेत. वाहक असणे आणि रुग्ण असणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वाहक बाईचे हिमोग्लोबिन सहसा चांगले असते. ते 8 आले तर 'सिकलसेल आहे ना, चालायचेच' असे म्हणून सोडणे ही मोठी चूक. तिलाही लोहाची कमतरता असू शकते, तिचेही जास्त जात असू शकते, आणि तिला गोळ्या दिल्याच पाहिजेत. रुग्णाची गोष्ट वेगळी. ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलेले असते तिच्या अंगात लोह साठत जाते. तिने फेरिटिन न पाहता लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत, फोलिक ॲसिड मात्र घ्यावे. डोळ्यांत पिवळेपणा, हाडे-सांध्यांत अचानक उठणारी कळ, लहानपणी रक्त चढवल्याची आठवण, यातले काही असेल तर शिबिरातल्या कार्यकर्तीने लोहाच्या गोळ्यांचे लाल पाकीट हातात देण्याआधी थांबावे.

शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. नळीतले पाणी गढूळ होऊन मागच्या रेषा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे एवढे कळते, वाहक की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. आणि ज्यांच्यासाठी हे पत्र आहे त्यांच्याच बाबतीत सोल्युबिलिटी चाचणी फसते: हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर नळीत पुरेसे सिकल हिमोग्लोबिन नसते आणि चाचणी खोटीच निगेटिव्ह येते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर एचपीएलसीसुद्धा विश्वासाची राहत नाही. लोह खूप कमी असताना थॅलेसेमियाचे वाहकपणही झाकले जाते. अशा वेळी आधी लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी. लग्नापूर्वी ही तपासणी दोघांची हवी. दोघेही सिकलचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के. एक सिकलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल आजारी निघू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्या बाईने दिवस जाण्याचा विचार करतानाच डॉक्टरांना सांगावे. ते औषध आधीच थांबवावे लागते.

आता गोळी. ती घेतली जाते पण अंगी लागत नाही, याची कारणे स्वयंपाकघरातच असतात. सकाळी चहाचा कप आणि सोबत गोळी, हा सर्रास चालणारा प्रकार. चहा-कॉफीतले द्रव्य लोहाला आतड्यातच धरून ठेवते. गोळीच्या आधी एक आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध नको. कॅल्शियमची गोळी लोहासोबत कधीच नको. गर्भवतीला दोन्ही पाकिटे एकाच वेळी मिळतात आणि ती दोन्ही रात्री एकदम गिळते. कॅल्शियम जेवणासोबत, लोह जेवणानंतर निदान दोन तासांनी. गोळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर सर्वांत चांगली लागते. संत्र्याच्या दिवसांत एक संत्रे पुरे. मळमळले तर झोपताना घ्यावी, नाही जमले तर एक दिवसाआड. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह जास्त चांगले शोषले जाते असे दिसून आले आहे, त्यामुळे त्रास होणाऱ्या बाईने गोळी सोडण्याऐवजी डॉक्टरांना विचारून हा मार्ग धरावा. शौचाला काळे होणे हे नेहमीचे आहे, त्याला भिऊन बंद करू नये. औषधाच्या दुकानातली गोळी घेताना पाकिटावर 'एलिमेंटल आयर्न' किती ते वाचावे. फेरस फ्युमरेट 300 मिलिग्रॅम म्हणजे लोह सुमारे 100 मिलिग्रॅमच.

किती दिवस घ्यायची याचाही हिशेब आहे. 50 किलो वजनाच्या बाईचे हिमोग्लोबिन 8 वरून 12 वर न्यायला सुमारे 480 मिलिग्रॅम लोह रक्तात लागते आणि साठा भरायला आणखी 500. म्हणजे जवळपास 1000 मिलिग्रॅम. 60 मिलिग्रॅम लोहाच्या सरकारी गोळीतून सात-आठ मिलिग्रॅम अंगी लागले असे धरले तरी चार महिने होतात. पंधरा दिवसांत काय होणार? महिन्याभराने पुन्हा तपासावे. आकडा किमान एकाने वाढला नसेल तर गोळी घेतली जात नाही, शोषली जात नाही, रक्त जातच आहे किंवा निदान चुकले आहे, या चारांपैकी एक. आकडा 12 वर पोचला तरी पुढे तीन महिने गोळी चालू ठेवावी, नाहीतर साठा रिकामाच राहतो. गोळी अजिबात सोसत नसेल, किंवा बाळंतपण जवळ आले आणि वेळ उरला नाही, तर शिरेतून लोह देता येते. 'रक्ताची बाटली चढवा' असा आग्रह घरच्यांनी धरू नये. रक्ताच्या एका बाटलीने हिमोग्लोबिन जेमतेम एकाने वाढते. ती अगदी खाली गेलेल्या किंवा धाप लागलेल्या बाईसाठी असते.

आहाराविषयी थोडक्यात, कारण यावर पुष्कळ बोलले जाते आणि त्यातले बरेच चुकीचे असते. बीटच्या लाल रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही, त्यात लोह फारच थोडे. पालकात आहे पण ते अंगी नीट लागत नाही. 2020 च्या शिफारशीनुसार बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला 19. म्हणजे घरातल्या ताटात जास्तीचे वाढले पाहिजे तिला, आणि होते उलटे. ज्वारी-बाजरीची भाकर, मोड आलेली मटकी, चण्याची उसळ, अळीव, तीळ, फुटाणे, आणि प्रत्येक जेवणात वरून लिंबू पिळलेले. मांसाहार करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा कलेजी (गर्भवतीने मात्र टाळावी). लोखंडी कढईत आंबट वरण किंवा अंबाडीची भाजी शिजवली तर लोह थोडे वाढते. तर्रीपोह्यातले चणे चांगलेच, सोबतचा चहा मात्र दोन तासांनी.

एक समजूत मात्र मोडायला हवी: 'पांढरे जाते म्हणून रक्त कमी झाले'. पांढरे गेल्याने रक्त कमी होत नाही. पाण्यासारखे, वास नसलेले जाणे नैसर्गिक आहे. दह्यासारखे आणि खाज येत असेल तर बुरशी, आणि ती परत परत होत असेल तर साखर तपासावी. हिरवट, फेसाळ असेल तर नवऱ्यालाही औषध लागते, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. संबंधानंतर रक्त दिसले तर मात्र गर्भाशयमुख तपासायलाच हवे. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. व्हिनेगरसारखे द्रव्य लावून एक मिनिट थांबून पाहतात, दुखत नाही.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. शिबिराच्या वहीत हिमोग्लोबिनच्या रकान्याशेजारी तीन रकाने वाढवावेत: पाळी किती दिवस आणि गाठी पडतात का, सिकलसेलची तपासणी झाली आहे का आणि कोणती, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन 10 च्या खाली असलेल्या प्रत्येक बाईच्या हातात गोळ्यांसोबत मेडिकल, मेयो, डागा या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाच्या किंवा जवळच्या आरोग्य केंद्राच्या नावाची चिठ्ठी द्यावी, आणि त्यावर वाराची नोंद असावी, नाहीतर ती हजेरी बुडवून नेमकी ओपीडी नसलेल्या दिवशी जाते. गर्भवती असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, ती तारीख चिठ्ठीवर लिहावी. आणि शिबीर घेणाऱ्या मंडळाने मंडप उतरवण्याआधीच पुढच्या महिन्याची तारीख ठरवावी, त्याच वस्तीत, त्याच वहीवर, गोळ्या घेतलेल्या बायांचा दुसरा आकडा लिहिण्यासाठी.

आपले,
स्त्री-आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही जण,
नागपूर